सिल्व्हरचा खांदा: हाताची रेघ आणि संगणकाचा हात एकत्र कसे नांदतात

प्रश्न असा आहे: डिस्नेच्या २००२ सालच्या 'ट्रेझर प्लॅनेट'मध्ये बहुतेक पात्रं हाताने काढलेली आहेत, तर जहाजाचा सेट आणि चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हर याचा यांत्रिक हात संगणकावर केलेला आहे. तरीही दोन वेगळे चित्रपट एकावर एक चिकटवलेत असं वाटत नाही. हे कसं जमवलं? आणि तीन-चार जणांच्या टीमला एखाद्या जुन्या साहसकथेवर असं मिश्र काम करायचं असेल तर कशाकडे लक्ष द्यावं?

बहुतेक जण याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये शोधतात. सॉफ्टवेअर लागतंच, पण संगणकाला नेमकं कुठलं काम द्यायचं हे त्याआधी ठरवावं लागतं, आणि या चित्रपटाचं खरं कसब तिथे आहे. सिल्व्हर अर्धा हाडामांसाचा, अर्धा यंत्राचा. मांस तेवढं पेन्सिलने केलं, यंत्र तेवढं संगणकाने. दोन तंत्रांतला जो फरक एरवी जिवाच्या आकांताने लपवावा लागतो, तो इथे गोष्टीनेच मागून घेतला आहे. हात थोडा परका दिसला तर प्रेक्षक म्हणतो, 'असणारच, लोखंडाचा आहे.' एवढी सूट मिळाल्यावरही सांधा चुकला तर सगळं फसतं, म्हणून पुढे बराच वेळ खांद्यावरच घालवणार आहे.

आधी गोष्टीकडे पाहू, कारण हात तिथूनच आला. चित्रपट ज्या कादंबरीवर बेतलाय ती स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तकरूपात आली. तिच्यातल्या सिल्व्हरला एक पाय नाही, काखेत कुबडी आहे. जहाज हेलकावे खात असताना तो कुबडीचं टोक भिंतीशी अडकवतो, तिच्यावर रेलतो आणि जमिनीवर असल्यासारखा निवांत स्वयंपाक करतो. बेटावर उतरल्यावर बंडाला साथ न देणाऱ्या खलाशाच्या पाठीत तीच कुबडी फेकून त्याला लोळवतो आणि मग चाकूने संपवतो. चुलीशी आधार आणि हातघाईत हत्यार, अशी एकच वस्तू दोन कामं करते. रूपांतर करणाऱ्याने उचलायचं असतं ते हे काम. कुबडीला दिवे लावून ती 'भविष्यातली' केली असती तर काहीच साधलं नसतं. चित्रपटाने कुबडीचं काम उजव्या हाताला दिलं.

आता चित्रपटातला जहाजाच्या स्वयंपाकघरातला प्रसंग समोर ठेवा. 'सायबॉर्गपासून (अर्ध्या यंत्राच्या माणसापासून) सावध राहा' हा मरणाऱ्या खलाशाचा, बिली बोन्सचा इशारा गोष्टीचा पोरगेला नायक जिम याच्या डोक्यात ताजा आहे. सिल्व्हर हस्तांदोलनासाठी जो हात पुढे करतो त्याला बोटांऐवजी अवजारं आहेत. जिम हात देत नाही. मग सिल्व्हर त्याच हाताने भराभर कापाकापी करतो, आपलाच दुसरा हात तुटल्याचं सोंग करतो आणि अंडी फोडतो. या वेळात त्याची नजर वारंवार पोराकडे जाते. हात स्वयंपाक करतोय आणि चेहरा पोराला जोखतोय. एकाच देहात दोन नट काम करताहेत, आणि ते दोन वेगळ्या टेबलांवर बनले आहेत. सिल्व्हरचं रेखाटन ग्लेन कीन यांचं, हाताचं संगणकीय काम एरिक डॅनियल्स यांचं.

हे जमेल का याची चाचणी ज्या प्रकारे घेतली ती शिकण्यासारखी आहे. १९५३ सालच्या 'पीटर पॅन'मधल्या कॅप्टन हुकचा एक तुकडा घेतला, त्याचा काढलेला हात पुसला आणि तिथे संगणकाचा यांत्रिक हात बसवला. रेखाटन आधीच उत्तम होतं, वेळ बांधलेली होती, अभिनय पक्का होता. चाचणीत नवीन गोष्ट एकच, ती म्हणजे हात. लहान टीमा इथेच चुकतात. नवं पात्र, नवा रिग (पात्र हलवण्यासाठी संगणकात बांधलेला सांगाडा), नवा रंगसंच आणि फिरता कॅमेरा हे सगळं पहिल्याच शॉटमध्ये घालतात, आणि शॉट पडला की कशामुळे पडला ते कळत नाही.

असा हात बसवण्याचं काम साधारण पुढच्या क्रमाने चालतं. रेखाटनकार शरीराच्या की-पोझ, म्हणजे हालचालीतल्या मुख्य मुद्रा, काढतो आणि यांत्रिक हाताच्या जागी फक्त दोन नळ्या काढतो, एक दंडाची, एक कोपरापुढची. ही चित्रं स्कॅन करून संगणकातल्या कॅमेऱ्यासमोर पडद्यासारखी लावतात. हाताचा रिग खांदा, कोपर आणि मनगट या तीन बिंदूंवर चित्राशी जुळवतात. जुळलेला हात रेघांच्या रूपात पुन्हा कागदावर किंवा रेखाटनाच्या थरावर परत जातो, आणि रेखाटनकार त्याला धरून खांदा, कॉलर, पाठीचा बाक दुरुस्त करतो. त्यानंतरच इन-बिटवीन (मुख्य मुद्रांमधली चित्रं) आणि क्लीन-अप (रेघा स्वच्छ करणं). ही ये-जा एकदाच करून भागत नाही. दोन फेऱ्या धराव्यात, अवघड शॉटला तीन.

पहिली गोम नळ्यांतच असते. कागदावरच्या चित्राला खोली नसते. कोपर कॅमेऱ्याकडे आलंय की मागे गेलंय, दोन्ही शक्यता एकाच बाह्यरेषेत चपखल बसतात. संगणकावर बसलेला माणूस एका चौकटीत (फ्रेममध्ये) पुढचं कोपर धरतो, चार चौकटींनंतर मागचं, आणि मधल्या इन-बिटवीनमध्ये हात स्वतःच्याच छातीतून आरपार जातो. उपाय साधा आहे: नळीच्या दोन्ही टोकांना लंबवर्तुळ काढा, आणि दिसणारी कड जाड, लपलेली कड तुटक ठेवा. एवढ्या खुणेने वाद मिटतो. मनगट किती वळलंय हे सांगायला नळीच्या लांबीवरून एक रेघ ओढावी, शिवणीसारखी.

दुसरी गोम लांबीची. हाताने काढणारा माणूस लांबीची चोरी करतच असतो. हात कॅमेऱ्याकडे आला की तो जरा आखूड, हात उगारला की जरा लांब. डोळ्याला ते बरं दिसतं, पण लोखंडी हाताची लांबी ठरलेली. मग मनगट जुळवलं की खांदा सुटतो, खांदा जुळवला की मनगट. रिगमध्ये दंड आणि पुढचा हात यांना वेगवेगळी लांबीची कळ ठेवावी आणि दहा टक्क्यांपर्यंत खुशाल ताणावं, प्रेक्षकाला सहसा पत्ता लागत नाही. त्याहून जास्त लागत असेल तर चित्र बदला, रिगशी झटापट करू नका.

तिसरी आणि सगळ्यांत छळणारी गोष्ट म्हणजे चौकटींचा हिशोब. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. हाताने काढताना पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला 'दोनावर' काढणं म्हणतात. संगणक मात्र मुकाट्याने दर चौकटीला नवी पोझ देतो, म्हणजे 'एकावर' चालतो. आता शरीर दोनावर आणि हात एकावर चालू द्या: प्रत्येक दुसऱ्या चौकटीत शरीर थांबलेलं असतं आणि हात पुढे सरकलेला असतो. खांद्याशी बारीक थरथर सुरू होते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण 'हात सुटलाय' एवढं त्याला कळतं. म्हणून शरीर ज्या ठिकाणी दोनावर आहे तिथे हातही दोनावर आणायचा, की-पोझमधलं सरकणं बंद करून प्रत्येक पोझ दोन चौकटी गोठवायची. शरीर जिथे एकावर जातं, म्हणजे झटक्यात, धावण्यात, तिथे हातही एकावर. हे एक्सपोजर शीटवर, म्हणजे कुठलं चित्र किती चौकटी धरायचं याच्या तक्त्यावर, आधीच लिहिलेलं असावं. हाताच्या आत फिरणारी चक्रं मात्र एकावर ठेवली तरी चालतात. ती शरीराला कुठेच चिकटलेली नसतात, आणि त्यांच्या सलग फिरण्याने यंत्र यंत्रासारखं वाटतं.

आणि वजन. लोखंडी हाताने सुरी आपटली की मांसाच्या खांद्याला धक्का बसायला हवा. आपटण्याच्या चौकटीत खांदा खाली, पुढच्या दोन-तीन चौकटींत गाल आणि पोट हलतं. हा धक्का काढणं रेखाटनकाराच्या हातात, तो कधी बसणार हे संगणकवाल्याच्या हातात. दोघांनी शीटवर एकाच चौकटीला खूण केली नसेल तर हात कुणीतरी बाहेरून धरून हलवतोय असं दिसतं. खुद्द सांधा कापडाने झाकता आला तर झाकावा. काढलेली बाही धातूवर पडते, बाहीची कड दर चित्रात थोडी हलते आणि दोन टेबलांमधली शिवण तिच्याखाली जाते. यात लबाडी कसली! शिंप्यालाही शिवण आत घ्यावीच लागते.

रेघेबद्दल थोडं. संगणकाची बाह्यरेषा एकाच जाडीची आणि निर्जीव येते. क्लीन-अपची रेघ दाबाबरोबर जाड-बारीक होते आणि दर चित्रात केसभर हलते. संगणकाच्या रेघेला जाडीचा चढउतार द्यावा, पण मुद्दाम थरथर घालू नये. लोखंड थरथरायला लागलं की ते रबर होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या रेघांची संख्या. चेहऱ्यावर वीस रेघा आणि हातावर दोनशे असतील तर डोळा हाताकडेच जाणार. हाताच्या तीन आवृत्त्या ठेवा: जवळच्या शॉटला सगळे स्क्रू, मधल्या शॉटला मोठे भाग, लांबच्या शॉटला फक्त आकार आणि एक चकाकी.

आता जगाकडे. दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांच्या टीमने एक नियम केला होता: ७० टक्के जुनं, ३० टक्के नवं. जहाजाला लाकडी सांगाडा, डोलकाठ्या, दोरखंड, शिडं आहेत. शिडं सूर्यप्रकाश गोळा करतात आणि मागे इंजिनं आहेत. हा नियम आवाजालाही लावला. सिल्व्हरच्या हालचालींसाठी गुळगुळीत मोटारींपेक्षा जुन्या चावीच्या खेळण्यांसारखी खरखर शोधली.

नियम ऐकायला सोपा, लावायला अवघड. ७० आणि ३० ही काही काट्यावर तोलायची मापं नाहीत. चित्र टपाल तिकिटाएवढं लहान करून पाहा: तेव्हा जुनंच दिसायला हवं, म्हणजे शिडाचं जहाज. जवळ गेल्यावर नवं सापडावं. आकृती जुनी, तपशील नवा. उलट केलं, म्हणजे रॉकेटच्या आकृतीवर लाकडाची नक्षी चढवली, की ते सजवलेलं रॉकेट होतं. आणि हिशोब प्रत्येक वस्तूपुरता करावा, पूर्ण चौकटीची सरासरी काढू नये. डावीकडे अख्खी जुनी खानावळ आणि उजवीकडे अख्खा चकचकीत यंत्रकक्ष ठेवला तर आकडा जुळतो, चित्र जुळत नाही.

या जगातला सगळ्यांत धाडसी निर्णय हवेचा आहे. अंतराळात श्वास घेता येतो. विज्ञानाच्या दृष्टीने हे धादांत खोटं, पण रेखाटनकाराच्या दृष्टीने लाख मोलाचं. शिरस्त्राण नाही म्हणून चेहरा उघडा. वारा आहे म्हणून केस, कोट, शिडं हलतात, आणि हाताने काढलेल्या चित्राचा निम्मा जीव अशा मागून येणाऱ्या हालचालीतच असतो. काचेच्या गोळ्यात डोकं आणि फुगीर पोशाखात अंग असतं तर सिल्व्हरचे गाल आणि जिमचे खांदे अभिनयाला उरलेच नसते. अंतराळ काळंही नाही. त्यात तांबूस, सोनेरी, जांभळे ढग आहेत. ही रंगछटा अमेरिकेतल्या ब्रँडीवाइन चित्रपरंपरेतून घेतलेली आहे, हॉवर्ड पाइल आणि त्यांचे शिष्य एन. सी. वायेथ यांची. वायेथ यांनी १९११ साली याच कादंबरीसाठी चित्रं काढली होती. त्या परंपरेतून घ्यायचं ते उबदार तपकिरी रंग, एकाच बाजूने येणारा प्रकाश आणि अंधाराचा एक मोठा सलग पट्टा. नुसते रंग उचलले आणि प्रकाश चारी बाजूंनी टाकला तर सगळं चहात बुडवल्यासारखं दिसतं.

अशा तैलचित्रासारख्या पार्श्वभूमीत कॅमेरा फिरवायचा कसा? इथे 'डीप कॅनव्हास' कामी आलं, जे आधी १९९९ सालच्या 'टारझन'साठी बनवलं होतं. त्याची कल्पना अशी: साधे त्रिमित आकार उभे करायचे, चित्रकाराने कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या दृश्यावर ब्रशने रंगवायचं, आणि संगणकाने प्रत्येक फटकारा त्रिमित जागेत कुठे पडला ते लक्षात ठेवायचं. कॅमेरा हलला की फटकारे त्या-त्या जागी पुन्हा मारले जातात. वस्तूला फोटो गुंडाळल्यासारखं दिसत नाही, कारण फटकाऱ्याची कड वस्तूच्या कडेबाहेर थोडी सांडू शकते, खऱ्या चित्रात सांडते तशी.

असंच काही आजच्या साधनांनी करताना तीन ठिकाणी गाडं अडतं. पहिल्या चौकटीतून जे दिसत नव्हतं ते कॅमेरा वळल्यावर उघडं पडतं आणि तिथे रंगच नसतो. म्हणून पहिली, मधली आणि शेवटची अशा किमान तीन जागांवरून रंगवावं. कॅमेरा जवळ गेला की फटकारा फुगतो आणि केरसुणीने रंगवल्यासारखं वाटतं. शेवटच्या, सगळ्यांत जवळच्या जागेवरून बारीक फटकाऱ्यांचा वेगळा थर द्यावा. आणि कॅमेऱ्याला समांतर जाणाऱ्या जमिनीवर फटकारे ताणले जातात. तिथे आडवे, लांबट फटकारे आधीच मारावेत.

फिरत्या कॅमेऱ्यात पात्र उभं करणं हा त्याहून मोठा त्रास. समजा डेकचं दृश्य दर चौकटीला १० पिक्सेल डावीकडे सरकतंय आणि पात्र दोनावर काढलंय. पात्र एका चौकटीत जागेवर थांबतं, पुढच्या चौकटीत २० पिक्सेल उडी मारतं. पाय डेकवर घसरतात आणि कडा दुहेरी दिसतात. एक तर तो शॉट एकावर काढावा, म्हणजे तीन सेकंदांना ३६ ऐवजी ७२ चित्रं. नाहीतर पात्राचा थर डेकला बांधावा, म्हणजे चित्र दोन चौकटी तेच राहील पण त्याची जागा दर चौकटीला सेटबरोबर सरकेल. लहान टीमला दुसरा मार्ग परवडतो. मात्र पात्र वळत असेल किंवा कॅमेरा त्याच्याभोवती फिरत असेल तर तो चालत नाही, तिथे ७२ चित्रांना पर्याय नाही. रेखाटनकाराला दर चार चौकटींनी सेटची साधी रेघांची प्रत द्यावी, त्यावर क्षितिज, जमिनीवर आखलेले चौकोन आणि पात्राच्या उंचीचा एक खांब असावा. हा खांब नसला की पात्र शॉटच्या शेवटी दीड पट वाढतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

रूपांतराचे बाकीचे निर्णय वरच्या कुबडीच्याच न्यायाने झाले आहेत. कादंबरीतला सिल्व्हरचा पोपट ऐकलेले शब्द परत बोलतो. चित्रपटात त्याच्या जागी आलेला रूप बदलणारा छोटा जीव, मॉर्फ, पाहिलेले आकार परत करून दाखवतो. नक्कल तीच, फक्त कानाची डोळ्याकडे आली, आणि अ‍ॅनिमेशनला तेच हवं असतं. असं हाडं नसलेलं पात्र काढताना आकारमान धरून ठेवायचं, नाहीतर लांब झालं की मोठं वाटतं आणि आखडलं की दुसरंच पात्र वाटतं. सफरचंदाच्या पिंपात लपून कट ऐकण्याचा प्रसंग पिंपासकट जवळपास तसाच ठेवला, आणि ते बरोबर केलं. कादंबरीत इस्रायल हँड्स हा चाचा जिमचा डोलकाठीवर पाठलाग करतो. चित्रपटात स्क्रूप हा चाचा तो करतो तेव्हा गुरुत्वाकर्षणच बंद पडलेलं असतं, त्यामुळे 'वर चढणं' हळूहळू 'बाहेर फेकलं जाणं' होतं. जुना प्रसंग, नवी भीती.

बेन हा पूर्ण संगणकीय यंत्रमानव मात्र मला कमी जमलेला वाटतो. तर्क सिल्व्हरच्या हाताचाच आहे, यंत्र म्हणून संगणक. पण सिल्व्हरच्या हाताला हाताने काढलेल्या खांद्याचा लगाम असतो, बेनला कुणाचाच नाही. तो सतत एकावर, सतत सगळ्या सांध्यांनी हलतो आणि शेजारचं हाताने काढलेलं पात्र स्तब्ध पोझमध्ये असलं की बिचारं मेल्यासारखं दिसतं. असं पात्र तुमच्याकडे असेल तर त्याला सक्तीने थांबवा. संवादाच्या मधे सहा-आठ चौकटी पूर्ण स्थिर पोझ द्या आणि शेजाऱ्याला तेवढ्यात डोळे मिटू-उघडू द्या.

सुरुवात करायची तर तीन सेकंदांचा एकच शॉट घ्या. कॅमेरा स्थिर, कंबरेपासून वरचं एक पात्र, एक यांत्रिक हात आणि त्या हाताने टेबलावर एखादी वस्तू ठेवणं. ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये ग्रीस पेन्सिल या रेखाटनाच्या साधनाने रेखाटन आणि रिग एकाच दृश्यात ठेवता येतात, त्यामुळे स्कॅन आणि छपाईची ये-जा वाचते. नळ्या आणि लंबवर्तुळं मात्र तरीही काढायचीच. पात्र आधी कुठेतरी काढून झालेलं असेल तर तेच वापरा. शॉट झाला की तीनदा पाहा: एकदा आरशासारखा उलटा करून, एकदा रंग काढून नुसत्या काळ्या आकृतीत, आणि एकदा खांद्याभोवतीचा चौकोन सोडून बाकी सगळं झाकून, चौकट-चौकट पुढे सरकवत. तिसऱ्या वेळी खांद्याची रेघ आणि हाताची कड एकाच चौकटीत हलतात का तेवढंच बघायचं. एकाही ठिकाणी हात खांद्याच्या आधी किंवा नंतर हलत असेल, तर रंगाला हात न लावता एक्सपोजर शीटकडे परत जा.